भिंतीमागची भिंत

२००४ च्या जून महिन्यात आई-बाबा पहिल्यांदा ब्रॅकनेलला आले. हीथ्रोवरून घरी पोचल्यावर आईने आधी स्वयंपाकघर पाहिले, लेकीने आजीआजोबांना आपली खोली दाखवली, आणि बाबांनी काय केले असेल? भिंती वाजवून पाहिल्या! मधल्या बोटाचे पेर वाकवून टक, टक, टक. सार्वजनिक बांधकाम खात्यात ३० हून अधिक वर्षे काढलेला माणूस. सातारा, वाई, कोरेगाव भागातल्या कितीतरी शाळांच्या आणि दवाखान्यांच्या भिंती त्यांच्या देखरेखीखाली उभ्या राहिल्या होत्या. नातेवाइकांकडे गेले तरी चहा येईपर्यंत ते भिंतीच न्याहाळत बसायचे. त्यामुळे आम्हाला त्यात नवल वाटले नाही.

ग्रेट हॉलंड्समधले हे घर आम्ही आदल्याच वर्षी घेतले होते. रांगेतले शेवटचे घर, म्हणजे एका बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक आणि दुसरी थेट वाऱ्यापावसात. लेकीची खोली त्या दुसऱ्या बाजूला. तिथे बाबा थांबले. पेर टेकले की ढब, जरा पुढे टक, पुन्हा ढब ढब.

"अरे, ही बाहेरची भिंत ना? मग पोकळ कशी?"

"बाबा, इथे सगळीकडे असंच असतं."

"असंच असतं म्हणजे कसं असतं?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मी संगणकातला माणूस, गवंडीकामाशी माझा संबंध फक्त ईएमआयपुरता. "चला, जेवायला बसू" म्हणून मी विषय बदलला. मंडळी, हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. वीस वर्षांहून अधिक उशिरा दिलेले, आणि ज्यांना द्यायचे ते आता नाहीत.

बाबांची भिंत ही ओली गोष्ट होती. विटा भिजवून घ्यायच्या, रचायच्या, ओळंबा सोडून उभी रेषा तपासायची, पाणसळीने आडवी. मग भिंतीवर पाणी मारून वाळू-सिमेंटचा गिलावा थापायचा, रंधा फिरवायचा आणि पुढे आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचे. त्याच्याआधीच्या पिढीत सिमेंटच्या जागी चुना. बैल गोल गोल फिरताहेत, दगडी चाक चराच्या आत वाळू आणि चुना मळते आहे, अशी चुन्याची घाणी बाबांनी लहानपणी पाहिली होती. त्यात गूळ, बेलफळ, ताग काय काय पडायचे ते सांगताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटल्यासारखे वाटायचे!

भिंत झाकण्याची ही कला आपल्याकडे फार जुनी आहे. अजिंठ्याची लेणी आपण चित्रांसाठी पाहतो, पण ती चित्रे कातळावर काढलेली नाहीत. कातळ मुद्दाम खडबडीत ठेवून त्यावर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे धागे यांचा गिलावा चढवला, वर चुन्याचा पातळ हात दिला आणि मग रंग लावले. कोकणात कारवीच्या काठ्यांचा कूड बांधून त्यावर शेणमाती लिंपतात, तेही तेच तत्त्व. गिलाव्याला पकडायला काहीतरी खरखरीत हवे. गंमत म्हणजे इंग्लंडमधल्या जुन्या घरांतही हेच होते. लाकडाच्या अरुंद पट्ट्या थोडी थोडी फट ठेवून ठोकायच्या आणि त्यावर चुन्याचा गिलावा दाबायचा. फटीतून पलीकडे गेलेला चुना वाळला की आकडीसारखा अडकून बसतो. त्याला इथे 'लाथ अँड प्लास्टर' म्हणतात. कोकणातल्या आजीला दाखवले असते तर ती म्हणाली असती, "हा तर आमचा कूडच की!"

या सगळ्या पद्धतींत एक गोष्ट समान आहे. हात कुशल हवा आणि वाळायला वेळ हवा. विसाव्या शतकात ब्रिटनकडे नेमक्या याच दोन गोष्टी उरल्या नाहीत. ड्रायवॉलचा, म्हणजे इथल्या भाषेत प्लास्टरबोर्डचा, इतिहास तिथून सुरू होतो.

बोर्डाच्या पोटात असते जिप्सम. आपल्याला हे अनोळखी नाही. आयुर्वेदातली गोदंती म्हणजे हेच खनिज. गायीच्या दातासारखे पांढरे म्हणून गोदंती. ते साधारण १५० अंशांपर्यंत तापवले की त्यात बांधलेल्या पाण्यापैकी तीन चतुर्थांश पाणी उडून जाते आणि पांढरी भुकटी उरते. हेच 'प्लास्टर ऑफ पॅरिस', पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीतल्या खाणींवरून पडलेले नाव. गणपतीच्या मूर्तींमुळे 'पीओपी' हा शब्द तर महाराष्ट्रात घरोघरी पोचला आहे. भुकटीत पाणी घातले की ती पाणी पुन्हा शोषून घेते आणि काही मिनिटांत दगड बनते. घट्ट झालेल्या जिप्समच्या वजनात सुमारे २१ टक्के पाणी असते. आग लागली की आधी हे पाणी वाफ होऊन निघून जावे लागते, तोपर्यंत पलीकडची बाजू फारशी तापत नाही. म्हणून हा बोर्ड दिसायला पुठ्ठ्यासारखा असला तरी आगीला बऱ्यापैकी तोंड देतो.

अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ मध्ये कागदाचे थर आणि मध्ये प्लास्टर अशा फळीचे पेटंट घेतले. गिलावा कारखान्यातच वाळवून आणायचा आणि घरी नुसता ठोकायचा, ही त्यामागची कल्पना. १९०९ मध्ये युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीने सॅकेट यांची कंपनी विकत घेतली आणि पुढे 'शीटरॉक' हे नाव अमेरिकेत घरोघरी झाले. ब्रिटनमध्ये १९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, लिव्हरपूलसमोरच्या वॉलसीमध्ये ब्रिटिश प्लास्टर बोर्ड कंपनी सुरू झाली. ही कंपनी २००५ मध्ये फ्रान्सच्या सँ-गोबँने घेतली.

तरीही लोकांनी बोर्ड लगेच स्वीकारला नाही. 'कागदी भिंत' कोणाला आवडेल? त्याला खरा हात दिला तो दुसऱ्या महायुद्धाने. बाँबच्या हादऱ्यांनी लाकडी पट्ट्यांवरची जुनी छते धडाधड खाली आली. घरे लाखोंनी दुरुस्त करायची आणि गवंडी आघाडीवर किंवा कारखान्यात. अशा वेळी खिळ्यांनी ठोकता येणारे, त्याच दिवशी खाली राहता येईल असे छत म्हणजे वरदानच. आधी छत, मग आतल्या पार्टिशन आणि शेवटी वीट, ब्लॉक आणि काँक्रीटच्या बाहेरच्या भिंती, अशा पायऱ्यांनी बोर्ड घरात शिरला.

आता आपल्या ब्रॅकनेलकडे येऊ. आज गोलचक्करे आणि ऑफिसे यांचे गाव म्हणून लोक याची थट्टा करतात, पण नवे शहर होण्याआधी ब्रॅकनेल हे विटांचे गाव होते. टॉमस लॉरेन्स यांच्या भट्ट्या इथे ब्रॅकनेल, स्विनली आणि वॉरफिल्ड भागात होत्या. 'टीएलबी' ही अक्षरे उमटवलेल्या त्यांच्या तांबड्या विटा नावाजलेल्या. त्यातल्या मऊ विटांना 'रबर' म्हणत, कारण त्या घासून हव्या त्या आकारात आणता येत आणि कमानीच्या बारीक सांध्यांसाठी वापरता येत. म्हणजे भिंतीचा दर्शनी भाग हीच ज्या गावाची ओळख, त्या गावात पुढे भिंती आतून झाकण्याची वेळ आली.

१९४४ मध्ये पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी यांनी लंडन परिसराचा आराखडा केला. बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या आणि दाटीने भरलेल्या लंडनमधली माणसे बाहेर नव्या शहरांत हलवायची होती. आपल्या भागात आधी व्हाइट वॉल्थमचा विचार होता. ती जमीन चांगली शेतीची निघाली आणि निवड ब्रॅकनेलवर आली. १७ जून १९४९ रोजी ब्रॅकनेल हे 'न्यू टाउन' म्हणून जाहीर झाले. लोकसंख्येचे उद्दिष्ट होते २५,०००! पुढे ते कितीतरी वाढवावे लागले. विकास महामंडळाने प्रिस्टवुडपासून सुरुवात केली. मग ईस्टहॅम्पस्टेड, बुलब्रुक, हार्मन्स वॉटर, वाइल्डरिडिंग्ज, ग्रेट हॉलंड्स, हॅनवर्थ, बर्च हिल अशा वस्त्या वाढत गेल्या. १९८२ मध्ये महामंडळ विसर्जित झाले. ईस्टहॅम्पस्टेडमधला पॉइंट रॉयल हा षटकोनी काँक्रीट टॉवर १९६४ चा, अरुप असोसिएट्सचा. आज तो संरक्षित इमारतींच्या यादीत आहे. ग्रेट हॉलंड्समध्ये रस्त्यांच्या नावांना 'स्ट्रीट' किंवा 'रोड' असे शेपूट नाही, नुसते एक नाव, आणि तीही अक्षरांच्या क्रमाने. आमच्याकडे पहिल्यांदा येणारा प्रत्येक पाहुणा "पुढे काय लिहू?" असे विचारतोच.

ही घरे बांधली गेली तेव्हा इंधन स्वस्त होते. १९६५ च्या पहिल्या राष्ट्रीय बांधकाम नियमांत भिंतीची उष्णता गळती, म्हणजे 'यू व्हॅल्यू', १.७ पर्यंत चालत असे. आकडा जितका मोठा तितकी ऊब बाहेर. १९७३ च्या तेलसंकटानंतर डोळे उघडले. मर्यादा आधी १.० वर आली, १९८२ मध्ये ०.६ आणि १९९० मध्ये ०.४५ झाली. म्हणजे २५ वर्षांत भिंतीकडून अपेक्षा जवळजवळ चौपट वाढल्या. नव्या घरांचे ठीक, पण उभ्या असलेल्या लाखो भिंतींचे काय? त्यांना आतून अस्तर लावणे हा एक मार्ग. आपण कोटाला अस्तर लावतो तसे. म्हणूनच या कामाला इथे 'ड्राय लायनिंग' म्हणतात, कोरडे अस्तर.

अस्तर लावण्याच्या मुख्य पद्धती तीन. पहिली आणि सर्वांत झटपट 'डॉट अँड डॅब'. भिंतीवर जिप्समच्या डिंकाचे गोळे ओळीने मारायचे आणि त्यावर बोर्ड दाबून पाणसळीने सरळ करायचा. बोर्ड साधारण २४०० बाय १२०० मिलिमीटरचा, १२.५ मिलिमीटर जाडीचा आणि वजनाला २३ ते २५ किलो. तो जमिनीपासून बोटभर उचलून ठेवतात, नाहीतर खालची ओल कागदातून वर चढते. दुसरी पद्धत लाकडी पट्ट्यांची. औषध लावलेल्या पट्ट्या भिंतीला ठोकून, त्यांच्या पाठीशी ओल अडवणारी पट्टी घालून, वर बोर्ड स्क्रूने बसवायचा. भिंत वाकडीतिकडी असेल तर पट्टीखाली पाचर मारून सरळ करता येते. तिसरी पद्धत धातूच्या चौकटीची. ती मूळ भिंतीला न टेकता स्वतंत्र उभी राहते. जागा खाते, पण मागची भिंत मोकळी राहते.

कारागिराला विचारा, काम किती दिवसांचे? पहिल्या पद्धतीत खोली दोन दिवसांत तयार. तिचा मोह तिथेच आहे. आमच्या घराच्या आधीच्या मालकांनाही तो पडला असणार.

आता आमच्या भिंतीची कथा. आई-बाबा तीन महिने राहून परत गेले. २००५ च्या हिवाळ्यात लेकीच्या कपाटामागच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसले. इथल्या बहुतेक घरांत दिसतात तसेच. सौ.ने ब्लीचने पुसले, मी वर पांढरा रंग मारला. वसंतात विसरलो. पुढच्या हिवाळ्यात ठिपके परत आले आणि लेकीचा रात्रीचा खोकलाही. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात इन्हेलर आला. डॉक्टरांनी घरात ओल किंवा बुरशी आहे का, असे विचारले. मी म्हणालो, "थोडीशी आहे, पुसतो आम्ही." थोडीशी! मेट ऑफिसचे मुख्यालय १९६१ पासून २००३ पर्यंत ज्या गावात होते, त्या गावात राहून मला स्वतःच्या खोलीतले हवामान कळले नव्हते.

२००८ च्या दिवाळीनंतर बाबा गेले. दिवसकार्य उरकून मी जानेवारीत परत आलो तेव्हा त्यांचा फोटो मोठा करून, चौकट घालून आणला होता. लेक म्हणाली, "आजोबा माझ्या खोलीत झोपायचे ना, मग माझ्याच खोलीत लावू." मी ड्रिल मारले, प्लास्टिकचा तांबडा प्लग ठोकला, स्क्रू पिळला, फोटो लावला. सौ.ने हार घातला. पहाटे धाडकन आवाज झाला. काच फुटलेली, आणि स्क्रूसकट भिंतीचा तळहाताएवढा तुकडा खाली. भिंतीत पडलेल्या भोकातून वास आला. पावसाळ्यात बंद राहिलेल्या गोठीतल्या भिजल्या पोत्यांचा असतो तसा.

मी बॅटरी घेऊन भोकात पाहिले. बोर्डाच्या मागे दोन बोटे पोकळी, आणि पलीकडे भिंतीवर जुना फुलाफुलांचा वॉलपेपर. काळाठिक्कर. कोणीतरी वॉलपेपर खरवडायचे कष्टही न घेता त्याच्यावरच डिंकाचे गोळे मारून बोर्ड चिकटवला होता. पलंग त्याच भिंतीला लागून होता. माझी लेक तीन हिवाळे त्या भिंतीकडे तोंड करून झोपली होती, आणि २००४ मध्ये बाबांनी बोट ठेवून दाखवलेली जागा तिच्या उशीपासून हातभर अंतरावर होती.

ओळखीतून एक पोलिश कारागीर मिळाला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने हत्यारे खाली ठेवली आणि सगळ्यात आधी काय केले? मधल्या बोटाचे पेर वाकवून भिंत वाजवली. टक, ढब, ढब. मला क्षणभर खोलीबाहेर जावे लागले.

बोर्ड काढल्यावर कारण एक नव्हे, तीन निघाली. पहिले बाहेरचे. छपराच्या पन्हळीचा सांधा गळत होता आणि पाणी वर्षानुवर्षे बाहेरच्या विटांवरून ओघळत होते. दुसरे भिंतीच्या पोटातले. इथल्या भिंती दुहेरी असतात. बाहेर वीट, आत ब्लॉक, मध्ये पोकळी, आणि दोन्हींना बांधणारे धातूचे टाय. बांधकामाच्या वेळी गवंड्याच्या थापीवरून सांडलेला माल त्या टायवर साचून राहिला होता. बाहेरच्या विटेत मुरलेले पाणी या पुलावरून आरामात आत येत होते. बाबांच्या साइटवर असा सांडलेला माल दिसला असता तर त्यांनी गवंड्याला खाली उतरवले असते.

तिसरे कारण आमचे स्वतःचे, आणि हे मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण ते आपल्या प्रत्येक घरात आहे. चौघांचे कुटुंब श्वासातून, आंघोळीतून, स्वयंपाकातून आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांतून दिवसाला साधारण १० लिटर पाणी हवेत सोडते. त्यात आपला कुकर, उकळती आमटी आणि रेडिएटरवरची टॉवेलांची रांग! खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा १२ अंशांच्या पृष्ठभागाला लागताच तिचे दव होते. बोर्डामुळे खोली ऊबदार वाटत होती, पण बोर्डामागचा ब्लॉक पूर्वीपेक्षा जास्त थंड झाला होता, कारण खोलीतली ऊब आता तिथवर पोचत नव्हती. बोर्डाच्या चारी कडांनी आणि स्विचच्या पेटीभोवती डिंकाची सलग पट्टी द्यायची असते, म्हणजे दमट हवा मागे शिरत नाही. आमच्याकडे नुसते गोळे होते. दमट हवा प्लगच्या भोकांतून मागे जात होती आणि थंड ब्लॉकवर दव होऊन बसत होती. ओल बाहेरूनही आणि आतूनही, आणि मध्ये बुरशीला खायला वॉलपेपर आणि बोर्डाचा कागद.

म्हणजे दोष बोर्डाचा नव्हता. कोरड्या भिंतीवर नीट लावलेला बोर्ड पन्नास वर्षे तक्रार करत नाही. बोर्डाने फक्त एवढेच केले की आमच्यापासून भिंत लपवली. उघड्या गिलाव्यावर ओल आली असती तर पोपडे धरले असते, रंग फुगला असता, पहिल्याच पावसाळ्यात कळले असते. अजिंठ्यातही चित्रांचा मोठा शत्रू पाणीच आहे. गिलाव्याच्या मागून, कातळाच्या भेगांतून झिरपणारे पाणी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनाही समोरून दिसणाऱ्या भागापेक्षा मागून येणाऱ्या पाण्याशी झगडावे लागले.

दुरुस्तीला सगळा उन्हाळा गेला. पन्हळ बदलली. बाहेरून काही विटा काढून टायवरचा साचलेला माल साफ केला. वॉलपेपर खरवडला, भिंत धुतली आणि मग काहीच केले नाही! म्हणजे खिडक्या उघड्या ठेवून तिला वाळू दिली. लेक तोवर आमच्या खोलीत. सप्टेंबरमध्ये पट्ट्या ठोकून, पाठीला फोमचा थर असलेले बोर्ड बसवले, सगळे सांधे आणि कडा सलग बंद केल्या. बाथरूममध्ये जोरदार पंखा आला, कपडे वाळवायला गॅरेजमध्ये दोरी आली. त्या हिवाळ्यात लेकीचा खोकला पुष्कळ कमी झाला. पूर्ण भिंतीमुळेच झाला असे मी म्हणणार नाही, मुले वाढतातही. पण इन्हेलर खणात पडून राहिला, हे खरे.

हा अनुभव आमच्यापुरता नाही, हे पुढे देशालाच कळले. डिसेंबर २०२० मध्ये रॉचडेलच्या एका सामाजिक घरात बुरशीमुळे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा दगावला. २०२२ मध्ये कॉरोनरने तसा निष्कर्ष दिला. घरात राहणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा तक्रार केली होती. त्याच्या नावाचा 'अवाब्ज लॉ' इंग्लंडमधल्या सामाजिक घरांसाठी २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आणि धोकादायक ओल व बुरशीकडे ठरावीक मुदतीत लक्ष देणे घरमालक संस्थांना बंधनकारक झाले. आमच्या घरात घरमालक मीच होतो आणि तक्रार करणारे माझे वडील. मी मुदत पाच वर्षांची घेतली.

बोर्डाचा इतिहासही तिथेच थांबलेला नाही. २००३ मध्ये आवाजाचे नियम कडक झाले, तेव्हा लक्षात आले की शेजाऱ्याबरोबरच्या सामाईक भिंतीवर नुसते डॉट अँड डॅब केले तर आवाज उलट जास्त जाऊ शकतो. ब्लॉक सच्छिद्र असतो, ओला गिलावा ती छिद्रे बुजवत असे, बोर्ड बुजवत नाही. म्हणून नव्या घरांत बऱ्याच ठिकाणी बोर्डाआधी ब्लॉकवर ओल्या मसाल्याचा पातळ थर देऊ लागले. म्हणजे कोरड्या अस्तराखाली पुन्हा गिलावा! बाबांना हे ऐकून फार आनंद झाला असता. एप्रिल २००९ पासून इंग्लंडमध्ये जुना बोर्ड साध्या कचऱ्यात पुरता येत नाही, कारण कुजणाऱ्या कचऱ्याबरोबर जिप्सममधून विषारी वायू तयार होतो. पूर्वी बोर्डासाठी बरेच जिप्सम कोळशाच्या वीजकेंद्रांच्या धुरातले गंधक धरून बनवले जाई. ब्रिटनचे शेवटचे कोळशाचे केंद्र, नॉटिंगहॅमशरचे रॅटक्लिफ, ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले आणि उद्योगाची नजर पुन्हा खाणींकडे आणि जुन्या बोर्डांच्या पुनर्वापराकडे वळली.

आपल्यापैकी अनेकांची घरे आता तिशी-चाळिशी-साठीची झाली आहेत. मुलांची खोली नीट करायची, गॅरेजची खोली करायची, असे बेत चालू असतात. म्हणून चार गोष्टी सांगतो. बोर्ड लावण्याआधी भिंत कोरडी आहे का ते पाहा, आणि ओल असेल तर ती कुठून येते ते शोधल्याशिवाय झाकू नका. पन्हळ, खिडकीची चौकट, जमिनीची पातळी, पोकळी, सगळे तपासा. वॉलपेपर किंवा सुटलेल्या रंगावर डिंक कधीही मारू देऊ नका. घर १९१९ च्या आधीचे, एकेरी जाड विटांचे असेल तर जाणकाराला विचारा. त्या भिंतींना श्वास घ्यायचा असतो. आणि जुना नक्षीदार प्लास्टरचा लेप खरवडण्याआधी तपासून घ्या. ॲस्बेस्टॉसवर ब्रिटनमध्ये पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये, त्यामुळे आधीच्या लेपांत ते असू शकते. शेवटी, देवघर असो, टीव्ही असो की वडिलांचा फोटो, जड वस्तू बोर्डाला टांगू नका. स्क्रू बोर्ड आणि पोकळी ओलांडून मागच्या विटेत किंवा ब्लॉकमध्ये जायला हवा. त्यासाठी लांब आणि खास बनवलेले स्क्रू मिळतात.

बाबांचा फोटो आता तशाच लांब स्क्रूवर आहे. नवी काच घालून २००९ च्या दसऱ्याला लावला, तेव्हापासून हललेला नाही.

लेक आता नोकरीला लागली आहे आणि मागच्या वर्षी तिने स्वतःसाठी घरे पाहायला सुरुवात केली. पहिल्या घराला मीही तिच्याबरोबर गेलो होतो. एजंट नव्या स्वयंपाकघराचे कौतुक सांगत होता. लेक ऐकत ऐकत बाहेरच्या भिंतीपाशी गेली, मधल्या बोटाचे पेर वाकवले आणि भिंत वाजवली. ढब, टक, ढब. मग तिने एजंटला शांतपणे विचारले, "या बोर्डाच्या मागे काय आहे?"

त्याला सांगता आले नाही. ते घर तिने घेतले नाही.